टाकी विकत मिळते, जिवाणू पोसावा लागतो

घसा धरला, ताप चढला, खोकला आठवडाभर हटेना, की आपल्या घरांत एक पट्टी येते. तीन गोळ्यांची. रोज एक, तीन दिवस, संपला कोर्स. ॲझिथ्रोमायसिन, ५०० मिलिग्रॅम. डॉक्टरांनी लिहून दिली तर येते आणि पुष्कळदा न लिहून देताही येते, ही वाईट गोष्ट आहे आणि तिच्याकडे मी पुढे येणार आहे. २०१९ सालच्या भारतातल्या खासगी औषधबाजाराचा हिशोब मांडणारा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यांत जास्त खपलेलं प्रतिजैविक म्हणजे हीच गोळी. पट्टीच्या मागे कंपनीचं नाव भारतीय असतं, कारखान्याचा पत्ता भारतातला असतो. त्यामुळे गोळी आपली, असं आपण धरून चालतो.

मी नऊ वर्षं बल्क ड्रगच्या, म्हणजे गोळीतलं मूळ औषध बनवणाऱ्या कारखान्यांत काढली आणि मग कॉलेजात ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवायला लागलो. त्यामुळे ती पट्टी पाहिली की मला ड्रम दिसतो. पंचवीस किलोचा, आत दुहेरी पॉलिथिनची पिशवी, पिशवीत पांढरी पूड. एरिथ्रोमायसिन थायोसायनेट, म्हणजे एरिथ्रोमायसिन या जुन्या प्रतिजैविकाचा क्षार. लेबलावर चिनी अक्षरं. आम्ही ती पूड रिॲक्टरमध्ये चढवायचो आणि चार पायऱ्यांत तिचं ॲझिथ्रोमायसिन करायचो. त्या चार पायऱ्या आम्हाला फार चांगल्या यायच्या. यील्ड दीड टक्क्याने वाढली तर पेढे वाटले जायचे. पण ड्रममधून जे आलं होतं, त्यात या रेणूचं सर्वांत अवघड काम आधीच उरकलेलं होतं, आणि ते एका जिवाणूने उरकलेलं होतं. या गोष्टीवर कॅन्टीनमध्ये, मीटिंगमध्ये, कुठेच कधी बोलणं निघाल्याचं मला आठवत नाही.

औषधांच्या स्वावलंबनाविषयी आपण गेली पाच-सहा वर्षं बरंच बोलतोय. त्या बोलण्यात मला एक मोठी गफलत दिसते. जिवाणू जे घडवतो त्याला आपण रसायनशास्त्र मानतच नाही. तो आपल्या लेखी कच्चा माल. कापूस, ऊस, खनिज तसं एरिथ्रोमायसिन. कुठूनही आणा, स्वस्त पडेल तिथून आणा, खरी विद्या पुढे आहे. मला वाटतं विद्येचा मोठा भाग मागेच राहिला आणि तो आपण हातचा घालवला.

एरिथ्रोमायसिन हा चौदा अणूंच्या कड्याचा रेणू. कड्याला दोन साखरा लटकलेल्या. त्यात अठरा ठिकाणं अशी, की जिथे अणूंची मांडणी डावी की उजवी यावर सगळं अवलंबून. अठरा ठिकाणी दोन-दोन पर्याय म्हणजे दोन लाख बासष्ट हजारांवर शक्यता, आणि त्यांतली नेमकी एक औषध. रॉबर्ट वुडवर्ड हा विसाव्या शतकातल्या संश्लेषणाचा सर्वांत मोठा माणूस. १९६५ चं नोबेल त्याचं. त्यानेसुद्धा १९५६ मध्ये या रेणूसमोर हात टेकल्यासारखं लिहून ठेवलं होतं. पुढे त्याने तो करायला घेतलाच. १९७९ मध्ये तो गेला, काम सहकाऱ्यांनी पुरं केलं आणि १९८१ मध्ये ते छापून आलं तेव्हा लेखकांच्या यादीत ४९ नावं होती. एक रेणू, एकोणपन्नास माणसं. ते संशोधन भव्य आहे, मी दरवर्षी वर्गात शिकवतो. पण त्या वाटेने कुणी कधी एक गोळीसुद्धा विकली नाही.

सॅकॅरोपॉलिस्पोरा एरिथ्रिया हा जिवाणू तेच काम कोमट पाण्यात करतो. तीस-चौतीस अंशांना, स्टार्च, सोयाबीनचं पीठ, थोडं तेल आणि हवा एवढ्यावर. कसं करतो, हे १९९० च्या सुमारास उलगडलं. त्याच्या पेशीत तीन प्रचंड प्रथिनं ओळीने काम करतात. आपल्याकडे स्लॅब पडते तेव्हा माणसांची रांग लागते आणि घमेलं हातातून हातात वर जातं, ते डोळ्यांसमोर आणा. फरक इतकाच, की इथे रांगेतला प्रत्येक जण घमेलं पुढे देताना त्यात तीन कार्बनांची एक भर घालतो आणि ती डावीकडे ठेवायची की उजवीकडे हे चुकत नाही. सहा वेळा भर पडते. शेवटचा माणूस साखळीची दोन टोकं जुळवून कडं बंद करतो. मग दुसरी एन्झाइमं येऊन साखरा चढवतात. ॲसिड नाही, उणे अठ्ठ्याहत्तर अंशांचं थंड बाथ नाही, नायट्रोजनचं आवरण नाही. हे रसायनशास्त्र नसेल तर कशाला म्हणायचं?

पण जिवाणू हे औषध आपल्यासाठी करत नाही, स्वतःसाठी करतो, आणि इथेच माणसाच्या कामाला जागा उरते. एरिथ्रोमायसिन पोटातल्या आम्लात टिकत नाही. कड्यावरच्या नवव्या जागेचा कीटोन आणि सहाव्या जागेचा हायड्रॉक्सिल हे दोन अणुगट एकमेकांना पकडतात आणि रेणू निकामी होतो. शिवाय रक्तात तो दोनेक तासांत अर्धा होतो, म्हणून दिवसातून चार-चार गोळ्या. १९८० मध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या झाग्रेबला, प्लिव्हा या कंपनीत, स्लोबोदान जोकिच आणि गाब्रिएला कोब्रेहेल यांच्या चमूने त्या खोडकर कीटोनलाच हात घातला. त्याचं ऑक्झाइम केलं, बेकमन पुनर्रचनेने नायट्रोजन कड्यात घुसवला, क्षपण केलं, नायट्रोजनवर मिथिल बसवला. कडं चौदाचं पंधराचं झालं. आम्लात टिकायला लागलं. शरीरात अर्धं व्हायला आता सुमारे ६८ तास. तीन दिवसांच्या तीन गोळ्यांमागचं रहस्य एवढंच. बेकमनची ही प्रक्रिया तीच, जी बी.एस्सी.च्या पोरांना नायलॉन-६ च्या कच्च्या मालासाठी शिकवतात. अवघड भाग जिवाणूने केला होता, माणसाने नेमक्या जागी नेमका एक टाका घातला. दोघांपैकी एकालाही हे एकट्याने जमलं नसतं.

अशी उदाहरणं थोडीथोडकी नाहीत. क्षयाच्या उपचाराचा कणा असलेलं रिफाम्पिसिन घ्या. १९५७ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सॅं राफाएलजवळच्या पाइनच्या रानातल्या मातीत एक जिवाणू सापडला, मिलानच्या लेपेटी प्रयोगशाळेत त्याच्यातून रिफामायसिन निघालं. ते तोंडाने घेऊन उपयोगाचं नव्हतं. त्याला एका बाजूने पिपरॅझिनची शेपटी जोडली तेव्हा गोळी झाली. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, तेव्हा हा रेणू आपल्यासाठी काय आहे ते वेगळं सांगायला नको. समाधानाची बाब अशी, की हे औषध देशी कंपन्यांनी फर्मेंटेशनपासून, म्हणजे टाकीत जिवाणू वाढवून केलेल्या किण्वनापासून, पुढे स्वतः करून दाखवलेलं आहे. म्हणजे आपल्याला येत नाही, असं नाही.

आयव्हरमेक्टिनची गोष्ट तर आणखी साधी. जपानमध्ये इतो शहराजवळ एका गोल्फच्या मैदानालगतची माती, तिच्यातला स्ट्रेप्टोमायसिस कुळातला एक जिवाणू, त्याने केलेलं ॲव्हरमेक्टिन, आणि त्या रेणूतल्या एकाच दुहेरी बंधाला हायड्रोजन देणं. बस. त्या कामाला २०१५ चं नोबेल मिळालं, सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना. २०१९ च्या सुरुवातीला नागपूर जिल्ह्यात हत्तीपायाविरुद्ध तीन औषधांची मोहीम सुरू झाली, त्यांतलं एक औषध हे. घरोघर जाऊन आशाताईंनी समोर उभं राहून ज्या गोळ्या गिळायला लावल्या, त्यांची सुरुवात जपानातल्या मूठभर मातीत होती.

आणि हे प्रतिजैविकांपुरतं नाही. ट्रॅबेक्टेडिन नावाचं कर्करोगावरचं औषध कॅरिबियन समुद्रातल्या एका पिशवीसारख्या जीवातून निघालं. टनभर जीव मारावे तेव्हा ग्रॅमभर हाती यायचं. १९९६ मध्ये ई. जे. कोरी या अमेरिकी केमिस्टच्या चमूने ते पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलं, अतिशय सुंदर काम, पण रुग्णांना पुरेल इतकं करणं त्या वाटेने परवडणारं नव्हतं. मग २००० मध्ये स्पेनच्या फार्मामारमधल्या केमिस्टांनी एक युक्ती केली. मातीतला स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स हा जिवाणू सॅफ्रासिन बी नावाचा वेगळाच रेणू बनवतो. त्याचा सांगाडा ट्रॅबेक्टेडिनच्या सांगाड्याशी बराच जुळतो. त्यांनी सॅफ्रासिन टाक्यांमध्ये पिकवलं आणि तिथून पुढे ट्रॅबेक्टेडिनपर्यंत चालत गेले. समुद्रातला जीव समुद्रात राहिला. जिवाणूचा रेणू औषध म्हणून नव्हे, तर घराचं जोतं म्हणून वापरायचा, ही दृष्टी मला फार महत्त्वाची वाटते.

टोल्युइन आपल्याकडे प्रत्येक कारखान्यात असतं, रंग पातळ करायलाही लोक वापरतात. त्याच्या कड्यावर एकाच बाजूला दोन हायड्रॉक्सिल बसवून दाखवा म्हटलं, तर भलेभले केमिस्ट डोकं खाजवतील. डेव्हिड गिब्सन या शास्त्रज्ञाकडचा स्यूडोमोनास पुटिडाचा एक बदललेला वाण ते सहज करायचा, आणि डावं-उजवं अचूक राखून. पुढे टॉमाश हुडलिकी यांच्यासारख्या केमिस्टांनी असल्या डायोलांपासून, म्हणजे दोन हायड्रॉक्सिलांच्या रेणूंपासून, अफूतल्या अल्कलॉइडांपर्यंत मजल मारली. माझ्या एम.एस्सी.च्या दोन वर्षांत यातलं एक अक्षर कानावर पडलं नव्हतं. आम्हाला रेणू उलटा सोडवायला शिकवलं: हा बंध तोडा, तो बंध तोडा, शेवटी बाजारात मिळणाऱ्या बाटलीपर्यंत या. त्या बाटल्यांत पेट्रोलियमचे पदार्थ होते, फार तर साखर आणि अमिनो आम्लं. जिवाणूने केलेला सांगाडा हीसुद्धा एक बाटली असू शकते, हे मला वयाच्या तिशीत कारखान्यात कळलं.

आता थोडं आपल्या घराकडे. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. आजही पिंपरीत एच.ए. कॉलनी म्हटलं की रिक्षावाला विचारत नाही. तिथे पेनिसिलिन झालं, पुढे स्ट्रेप्टोमायसिन झालं, पण माझ्या मते त्या कारखान्याची सर्वांत मोठी मिरवण्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे संशोधन होत होतं. एम. जे. तिरुमलाचार यांच्या चमूने मातीतून एक नवा जिवाणू शोधला आणि त्याने केलेल्या बुरशीनाशक औषधाला हमायसिन नाव दिलं, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या आद्याक्षरांवरून. जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या पिंपरीच्या नावाचा जिवाणू शास्त्राच्या पुस्तकांत आहे, हे पिंपरी-चिंचवडच्या किती मुलांना माहीत आहे? पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पेनिसिलिनचा सांगाडा मोकळा करणाऱ्या एन्झाइमवर काम झालं. त्या सांगाड्यावर नव्या बाजू जोडून ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन होतात. पेनिसिलिन बुरशी करते, जिवाणू नव्हे, पण विद्या तीच. म्हणजे मातीपासून टाकीपर्यंत आणि टाकीपासून गोळीपर्यंतची अख्खी साखळी पंधरा किलोमीटरांच्या आत होती.

ती साखळी तुटली. परदेशातून स्वस्त माल आला आणि देशातले पेनिसिलिनचे प्लांट एकेक करून बंद पडले. आज बल्क ड्रग आणि त्यांच्या इंटरमीजिएटांची, म्हणजे अर्धवट तयार मालाची, आपली आयात किमतीने मोजली तर साधारण दोन-तृतीयांश चीनमधून होते, आणि फर्मेंटेशनच्या मालात हे अवलंबन आणखी दाट आहे. २०२० च्या सुरुवातीला वुहान बंद झालं तेव्हा कारखान्यांच्या खरेदी विभागांत जी धावपळ उडाली ती ज्यांनी पाहिली त्यांना हे विसरता येणार नाही.

सरकारलाही ते उमगलं. मार्च २०२० मध्ये ६,९४० कोटींची उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना आली. तिच्यात पहिला मान फर्मेंटेशनच्या चार मालांना होता: पेनिसिलिन जी, सात-एसीए (सेफॅलोस्पोरिन प्रतिजैविकांचा मूळ सांगाडा), एरिथ्रोमायसिन थायोसायनेट आणि क्लाव्हुलॅनिक ॲसिड (अमॉक्सिसिलिनच्या जोडीने देतात ते). रासायनिक मार्गाने बनणाऱ्या मालाला विक्रीवर दहा टक्के प्रोत्साहन, तर फर्मेंटेशनच्या मालाला पहिली चार वर्षं वीस टक्के. हा फरक योग्य होता. २०२४ मध्ये आंध्रात काकीनाड्याला पेनिसिलिन जी पुन्हा होऊ लागलं, हिमाचलमध्ये नालागढला क्लाव्हुलॅनिक ॲसिड. हे घडलं याचा मला मनापासून आनंद आहे.

त्याच काळात तीन बल्क ड्रग पार्क मंजूर झाली, गुजरात, हिमाचल आणि आंध्रला. रायगडात रोहा-मुरूडचा आपला प्रस्ताव मागे पडला आणि २०२२ मध्ये आपल्याकडे त्यावरून पुष्कळ राजकारण झालं. प्रकल्प कुणी पळवला, कुणामुळे गेला, चॅनेलांवर दोन आठवडे हेच. पार्क म्हणजे काय, तर रस्ते, वाफ, सांडपाण्याची सोय, वीज. गरजेच्या गोष्टी आहेत. पण त्या टाक्यांत जो जिवाणू राहणार तो कुठून येणार, हे त्या सगळ्या गदारोळात एकानेही विचारलं नाही.

हे मी का म्हणतो, त्यासाठी एक रात्र सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला तीन महिने फर्मेंटेशन विभागात ठेवलं होतं. साठ हजार लिटरचा फर्मेंटर, तीन मजले उंच. त्या विभागात शिरताना नेहमी एक वास यायचा, वळवाच्या पहिल्या सरीनंतर अंगणात येतो तो. स्ट्रेप्टोमायसिसच्या कुळाचा तो वास. त्या रात्री तीनच्या सुमाराला शिफ्ट इनचार्ज दारातच थबकले आणि नाक वर करून उभे राहिले. आंबूस झाक होती, मला तर जाणवलीही नव्हती. नमुना काढला, काचपट्टीवर पसरला. सूक्ष्मदर्शकाखाली आपल्या जिवाणूचे लांब, फांद्या फुटलेले धागे आणि त्यांच्यामधून सैरावैरा पोहणाऱ्या आखूड कांड्या. परका जिवाणू शिरला होता. बॅचला पाचवा दिवस होता, आणखी दोन दिवसांत उतरणार होती. इनचार्जनी वाफ सोडायला सांगितलं. सगळं शिजवून मारायचं आणि मग काढून टाकायचं. साठ हजार लिटर. ते माझ्याकडे वळून रागावले नाहीत, ओरडले नाहीत. फ्रीझरमध्ये मूळ कल्चरच्या कुप्या किती शिल्लक आहेत ते मोजून ये, एवढंच म्हणाले. मी मोजून आलो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण ओसरला. टाकी दुरुस्त होते, बॅच परत लागते. कुपी गेली तर काहीच उरत नाही, हे मला त्या रात्री समजलं. तो विभाग पुढे बंद झाला आणि कुप्यांचं काय झालं ते मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

सगळा प्रश्न त्या कुपीत आहे. मातीतून नुकताच आणलेला जिवाणू लिटरमागे जेमतेम चिमूटभर औषध करतो. कारखान्यातला वाण लिटरमागे कित्येक ग्रॅम करतो. मधलं अंतर वीस-तीस वर्षांच्या निवडीने कापलेलं असतं. हजारो वसाहती वाढवायच्या, त्यांतल्या चार उचलायच्या, पुन्हा वाढवायच्या. आज जनुकं वाचता येतात, त्यामुळे काम लवकर होतं, पण चिकाटी लागतेच. शेतकरी बियाण्याचं करतो तेच हे काम. हा वाण कुणी विकत नाही, विकला तर जुना विकतो. सबसिडी टनावर मिळते. टन यायचे तर आधी वाण हवा, आणि वाणाच्या मशागतीसाठी योजनेत स्वतंत्र पैसा नाही.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो आणि तो पोकळ नाही. चिनी माल स्वस्त आहे, म्हणून आपली गोळी स्वस्त आहे, म्हणून गरिबाला औषध मिळतं. शिंजियांगच्या इली खोऱ्यात मका भरपूर, कोळसा भरपूर आणि हवा थंड. फर्मेंटरमधला जिवाणू उष्णता सोडतो, टाकी सतत गार ठेवावी लागते. आपल्याकडे मे महिन्यात चिलरच्या बिलातच नफा जातो. त्यांच्याशी दरात कसे टिकणार? मी असं म्हणतच नाही, की सगळं इथेच पिकवा. देशाच्या गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी क्षमता आणि तिच्यामागे जिवंत वाण असले, तर समोरचा दर मनमानी वाढवू शकत नाही. आणि स्टार्च, सोयापेंड, मळी या गोष्टींसाठी महाराष्ट्राला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. लातूरला सोयाबीनचे भाव पडले की शेतकरी रस्त्यावर येतो. साखर कारखान्यांनी इथेनॉलच्या टाक्या उभारल्या, किण्वन चालवणारी माणसं तयार केली. इथेनॉल हा जिवाणू-बुरशीच्या जगातला सर्वांत साधा रेणू. तिथेच थांबायचं का?

दुसरा आक्षेप सांडपाण्याचा, आणि तो मला जास्त टोचतो. फर्मेंटेशननंतर जिवाणूंचा चोथा उरतो, त्यात औषधाचे अंश असतात. तो उघड्यावर पडला, नाल्यात गेला, तर तिथले जिवाणू त्या औषधाला सरावतात आणि उद्या तेच औषध रुग्णाला लागू पडत नाही. चीनने हा चोथा घातक कचऱ्यात धरला आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या पाण्याने खाडी आणि किनारा नासला म्हणून मांगेला समाजाच्या मच्छीमारांना हरित लवादाकडे जावं लागलं. त्या लोकांना आता आणखी टाक्या येणार म्हणून सांगायचं तर आधी डोळ्याला डोळा भिडवता आला पाहिजे. मात्र पूर्ण रासायनिक मार्ग स्वच्छ आणि जिवाणूचा घाण, असं समीकरण मला मान्य नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या सांडपाण्यात २००७ मध्ये सापडलेलं सिप्रोफ्लॉक्सासिन हे पूर्णपणे कृत्रिम औषध होतं. घाण मार्गात नसते, शेवटच्या पाइपावर कुणाची नजर आहे यावर ठरते. चोथा जाळण्याची किंवा त्यातलं औषध मोडून टाकण्याची सोय आधी, परवाना मागाहून, एवढा कडकपणा नसेल तर मी स्वतः अशा प्रकल्पाच्या विरोधात उभा राहीन. आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ॲझिथ्रोमायसिन विकणं थांबवलं नाही तर हा सगळा खटाटोपच वाया. इतक्या कष्टाने बनणारा रेणू आपण सर्दीवर उधळतो. विषाणूच्या सर्दीवर तो काडीचा उपयोगी नाही.

माझे काही संश्लेषणवाले मित्र हार्वर्डच्या अँड्र्यू मायर्सचं उदाहरण देतात. त्याच्या गटाने २०१६ मध्ये आठ साध्या तुकड्यांपासून तीनशेहून जास्त नवे मॅक्रोलाइड, म्हणजे एरिथ्रोमायसिनच्या कुळातले रेणू, पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवले. मग जिवाणूची गरज काय? ते काम मीही डोक्यावर घेतो, कारण जिवाणूच्या सांगाड्यात जिथे हात पोचत नाही तिथे हा मार्ग पोचतो. नवं औषध शोधायला तो हवा. पण जुनं, रोजचं, टनांनी लागणारं औषध आजही टाकीतूनच येतं. या दोन वाटा एकमेकींच्या सवती नाहीत. दोन्ही ओळखणारा केमिस्ट मात्र आपल्याकडे दुर्मीळ आहे.

तो घडत नाही, कारण आपल्या कॉलेजात केमिस्ट्रीची इमारत वेगळी आणि मायक्रोबायॉलॉजीची वेगळी. माझ्या कॉलेजात मध्ये सायकल स्टँड आहे. मायक्रोच्या मुलीला प्लेटवरचा स्ट्रेप्टोमायसिस नजरेने ओळखता येतो, पण त्याने काय बनवलं हे कागदावर काढता येत नाही. केमिस्ट्रीच्या मुलाला पन्नास अणूंचा रेणू फळ्यावर काढता येतो, पण वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह लावता येत नाही. दोघं पुढे एकाच एम.आय.डी.सी.त नोकरीला लागतात आणि एकमेकांशी फक्त बस स्टॉपवर बोलतात. एम.एस्सी.ला एक सामाईक पेपर, एक सामाईक प्रॅक्टिकल, यासाठी अभ्यास मंडळाच्या दोन बैठका पुरतील. पैसा जवळजवळ लागत नाही.

पैसा लागतो तो वाणांना, आणि तोही फार नाही. पुण्यात आज दोन राष्ट्रीय संग्रह आहेत. पाषाणच्या रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा, आणि २००९ पासून उभा राहिलेला राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्राचा. मुंबईला माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत किण्वन जाणणारे इंजिनिअर आहेत. एका पार्कला केंद्राने हजार कोटींपर्यंत द्यायची तयारी दाखवली होती. त्याच्या दहाव्या हिश्श्यात एरिथ्रोमायसिन, रिफामायसिन, टेट्रासायक्लिन अशा पाच-सहा मूळ सांगाड्यांचे वाण दहा वर्षं सलग सुधारणारं एक केंद्र चालू शकेल. दहा वर्षं, तीन नव्हे. तीन वर्षांच्या प्रकल्पात जिवाणू फक्त ओळखीचा होतो. लहान कारखान्यांना भाड्याने मिळतील अशा पाच-दहा हजार लिटरच्या टाक्या तिथे हव्यात, आणि सुधारलेला वाण देशातल्या कुणालाही ठरलेल्या शुल्कात मिळायला हवा. पिंपरीच्या जुन्या कारखान्याइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही.

आणखी एक हिशोब चुकता करायचा राहतो. एरिथ्रोमायसिन ज्या मातीतून निघालं ती फिलिपिन्समधल्या इलोइलोची. अबेलार्दो अगिलार नावाच्या तिथल्या डॉक्टरने १९४९ मध्ये आपल्या परिसरातली माती अमेरिकेला, एली लिली या औषध कंपनीला पाठवली. १९५२ मध्ये औषध बाजारात आलं, त्याचं पहिलं व्यापारी नावही इलोइलोवरून ठेवलं होतं. अगिलारच्या वाट्याला रॉयल्टी आली नाही. आपल्याकडे २००२ पासून जैवविविधतेचा कायदा आहे आणि गावोगावी जैवविविधता समित्या आहेत. त्यांच्या नोंदवह्यांत झाडं, पक्षी, फुलपाखरं आहेत. लोणारच्या खाऱ्या पाण्यातला, सड्यावरच्या जांभ्या मातीतला, कोकणातल्या खाजणातला जिवाणू त्या नोंदीत क्वचितच असतो. उद्या त्यातून एखादा सांगाडा निघाला, तर त्या गावाचा हक्क कागदावर असावा, असं मला वाटतं.

गेल्या जूनमध्ये मी दोन्ही विभागांतल्या बारा मुलांना एकत्र घेतलं. पहिला पाऊस पडून गेल्यावर कॉलेजच्या मैदानाच्या कडेची माती आणली, पातळ करून प्लेटांवर पसरली आणि वाट पाहिली. सातव्या दिवशी खडूच्या भुकटीसारख्या कोरड्या, राखाडी-पांढऱ्या वसाहती दिसल्या. मायक्रोच्या मुलीने झाकण किलकिलं केलं आणि प्लेट सगळ्यांसमोरून फिरवली. वास ओळखीचा होता, सगळे एकदम बोलायला लागले. केमिस्ट्रीच्या एका मुलाने वही उघडली, त्या वासाच्या रेणूची, जिओस्मिनची, दोन कडी काढली, तीन ठिकाणी डावं-उजवं नीट दाखवलं आणि त्या मुलीला विचारलं, की हा हे तिन्ही कोन बरोबर कसे राखतो. तिने त्याच्या वहीत एन्झाइमचं नाव लिहिलं. मग दोघं मिळून माझ्याकडे आले, ती वसाहत वेगळी करून वाढवायला इनक्युबेटरमध्ये जागा मिळेल का ते विचारायला.